औषध टाकीत टाकले. नळ कोण तपासणार?

पाऊस सुरू होण्याच्या सुमारास कोकणातल्या गावागावांत एक साधे काम चालते. जलसुरक्षक टाकीत किंवा विहिरीत टीसीएल पावडरचे द्रावण ओततो आणि वहीत तारीख, मात्रा लिहून ठेवतो. कागदावर काम झाले. आरोग्य कर्मचाऱ्याचे काम मात्र तिथे संपत नाही. तो टाकीपासून सगळ्यात लांबच्या घरी जातो, नळाचे पाणी परीक्षानळीत घेतो, त्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकतो आणि रंग पाहतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन शेवटपर्यंत पोचले. रंग आला नाही, तर टाकीवरची वही काहीही सांगो, त्या घरातले पाणी पिण्याजोगे नाही. टाकी आणि नळ यांच्या मध्ये जलवाहिनी असते, ती कुठेतरी फुटलेली असते आणि नेमकी गटाराशेजारून गेलेली असते. काविळीच्या कितीतरी साथी या मधल्या तुकड्यात जन्माला येतात.

आज हे लिहिण्याचे कारण पाणी नाही. आपली रुग्णालये गेल्या काही वर्षांत आणखी एका वाहिनीवर अवलंबून राहू लागली आहेत, ती म्हणजे इंटरनेट. टाकीत औषध घातले आणि मधल्या नळीने ते वाया घालवले, असा प्रकार या वाहिनीतही घडून गेला आहे. २००८ सालची ती गोष्ट आहे. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. पण साथरोगांच्या नजरेने पाहिले तर ही गोष्ट कोणाही डॉक्टरला ओळखीची वाटेल, आणि तिचा धडा आपण अजून पुरता घेतलेला नाही असे मला वाटते.

आधी थोडी शरीररचना समजून घेऊ. आपण मोबाइलवर किंवा संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकतो. यंत्रांना नावे कळत नाहीत, त्यांना आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधून देणारी जी जगभर पसरलेली व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तिची रचना मांडली. टेलिफोन डिरेक्टरीसारखे तिचे काम. प्रत्येक वेळी जगभर विचारणा करत बसायला नको म्हणून इंटरनेट पुरवठादाराचा किंवा कार्यालयाचा एक सर्व्हर मिळालेले उत्तर काही काळ स्वतःजवळ जपून ठेवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. पुढच्या माणसाने तेच नाव विचारले की साठ्यातलेच उत्तर दिले जाते.

सोय मोठी आहे, आणि धोकाही तिथेच आहे. एकाच्या पेल्यात विष पडले तर एकजण आजारी पडतो, विहिरीत पडले तर वाडी आजारी पडते. या साठ्यात कोणी खोटा पत्ता घुसवला, तर त्या सर्व्हरवर विसंबलेला प्रत्येकजण नाव अगदी बरोबर टाइप करूनही चुकीच्या दारात पोचतो. उत्तराची मुदत संपेपर्यंत हे चालू राहते. याला डीएनएस कॅशेची विषबाधा म्हणतात. वापरणाऱ्याच्या यंत्रात कोणताही विषाणू नसतो, त्याचा अँटिव्हायरस स्वच्छ अहवाल देतो. रुग्ण तपासून काही सापडत नाही, कारण दोष पाण्यात आहे.

खोटे उत्तर घुसवणे सोपे असू नये म्हणून एक व्यवस्था पहिल्यापासून आहे. सर्व्हर प्रश्न पाठवताना त्यावर एक क्रमांक घालतो आणि तोच क्रमांक असलेले उत्तरच खरे मानतो. हा क्रमांक ६५,५३६ पैकी कोणताही एक असू शकतो. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण संगणक सेकंदाला हजारो अंदाज फेकू शकतो. तरीही अनेक वर्षे लोक निर्धास्त होते. एकदा खरे उत्तर साठ्यात आले की त्याची मुदत संपेपर्यंत हल्लेखोराला पुढची संधी मिळत नाही, असा समज होता.

डॅन कामिन्स्की या अमेरिकी संशोधकाने २००८ च्या सुरुवातीला हा समज मोडला. हल्लेखोराने खऱ्या नावाऐवजी त्याच संस्थेच्या नावाखालची अस्तित्वात नसलेली नावे एकामागून एक विचारायला लावली, तर प्रत्येक नाव नवे असल्याने साठ्यात उत्तर नसते आणि प्रत्येक वेळी नवी संधी मिळते. त्यातल्या एका जरी खोट्या उत्तराचा क्रमांक जुळला, तर त्या उत्तरासोबत ‘या संस्थेचे सगळे पत्ते यापुढे मला विचारा’ अशी पुरवणी जोडता येते. अशा रीतीने संस्थेचे सगळे नावच पळवता येते, आणि त्याला काही सेकंद किंवा काही मिनिटे पुरतात.

कामिन्स्कीने हे जाहीर करून टाळ्या मिळवल्या नाहीत. मार्च २००८ च्या अखेरीस सोळा तज्ज्ञ मायक्रोसॉफ्टच्या आवारात गुपचूप जमले आणि ८ जुलै २००८ रोजी एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. उपाय सुटसुटीत होता. क्रमांकासोबत प्रश्न ज्या दारातून बाहेर पडतो ते दारही दर वेळी बदलायचे. या दाराला पोर्ट म्हणतात आणि अशी दारे साठ हजारांहून जास्त असतात. हल्लेखोराला आता क्रमांक आणि दार ही जोडी ओळखावी लागणार होती. शक्यता ६५ हजारांवरून एकदम चारशे कोटींच्या घरात गेल्या. हा काही रामबाण नव्हता, पण लस म्हणून चांगला होता.

जगभरच्या सर्व्हरांना ही लस टोचली गेली. वहीत नोंद झाली. आणि मग मधल्या नळीचा प्रश्न समोर आला.

बहुतेक कार्यालयांत सर्व्हर थेट इंटरनेटला जोडलेला नसतो. मध्ये राउटर किंवा फायरवॉल असते आणि तिच्यात नॅट नावाची सोय असते. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, यंत्रे त्याहून जास्त. म्हणून कार्यालयातली पन्नास यंत्रे बाहेर एकाच पत्त्याने वावरतात. कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे हे लक्षात ठेवण्यासाठी राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचे दार स्वतःच्या हिशेबाने बदलतो. यात वावगे काही नाही. घोटाळा असा होता की तेव्हाची अनेक यंत्रे ही नवी दारे ओळीने वाटत होती.

ओपीडीतल्या केसपेपरच्या खिडकीचे उदाहरण घ्या. समजा, रुग्णांनी घरून येताना मनाला येईल तो आकडा चिठ्ठीवर लिहून आणला. खिडकीवरचा लिपिक त्या चिठ्ठ्या बाजूला ठेवतो आणि आपल्या रजिस्टरप्रमाणे ४५०१, ४५०२, ४५०३ असे क्रमांक देत जातो. आता कोणीही एक केसपेपर काढला की पुढच्याचा क्रमांक त्याला आपोआप कळतो. हल्लेखोर नेमके हेच करतो. आधी तो त्या सर्व्हरला स्वतःच्या ताब्यातले एक नाव विचारायला लावतो, प्रश्न कोणत्या दारातून आला ते पाहतो आणि पुढच्या दारांचा अंदाज बांधतो. सर्व्हरने मेहनतीने निवडलेली बेभरवशाची दारे राउटरने पुन्हा शिस्तीत लावून दिलेली असतात. चारशे कोटींची ताकद पुन्हा ६५ हजारांच्या आसपास येते. सगळीच यंत्रे अशी नव्हती, काही सर्व्हरने निवडलेले दार तसेच ठेवत. पण आपल्या कार्यालयातले यंत्र कोणत्या जातीचे आहे, हे सर्व्हरवर बसलेल्या माणसाला आतून दिसत नव्हते. त्याच्या पडद्यावर दुरुस्ती झालेली होती आणि दारेही दर वेळी वेगळीच दिसत होती.

ते दिसायचे फक्त बाहेरून. डीएनएस-ओएआरसी या संस्थेने तेव्हा एक चाचणी उपलब्ध केली. सर्व्हरने तिच्याकडे काही प्रश्न पाठवायचे. ते बाहेर कोणत्या दारांतून येऊन पोचले हे पाहून ती ‘ग्रेट’, ‘गुड’ किंवा ‘पुअर’ असा शेरा देई. म्हणजे आपली ओटी चाचणीच. दुरुस्त केलेल्या सर्व्हरला ‘पुअर’ शेरा मिळाला, तेव्हा कुठे अनेकांचे लक्ष राउटरकडे गेले.

धोका कल्पनेतला नव्हता. दुरुस्ती येऊन महिना होण्याआधीच, जुलै २००८ च्या अखेरीस, अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या सर्व्हरच्या साठ्यात खोटे उत्तर घुसले आणि गूगल उघडू पाहणाऱ्यांना जाहिरातींनी भरलेले बनावट पान दिसू लागले. त्यानंतरही संशोधक आणि हल्लेखोर यांची शर्यत थांबलेली नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ, रिव्हरसाइड आणि चीनचे छिंगह्वा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दार ओळखण्याची आणखी एक आडवाट दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर बाइंड या जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएनएस प्रणालीत क्रमांक आणि दार या दोन्हींचा अंदाज येऊ शकेल असा दोष सापडला आणि तातडीने दुरुस्ती काढावी लागली. सतरा वर्षांनी तोच आजार, नव्या लक्षणांनी.

वाचक म्हणतील, डॉक्टरसाहेब, याचा रत्नागिरीच्या रुग्णाशी काय संबंध? संबंध रोजचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी संकेतस्थळावरून येते. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’वर होते. ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या उपकेंद्रातला रुग्ण डॉक्टरांशी बोलतो. आभा क्रमांकाला आरोग्याच्या नोंदी जोडल्या जात आहेत. मंडणगड किंवा दापोलीच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो. त्याची एक फेरी वाचली तर ती आम्हाला औषधाइतकीच मोलाची वाटते. या सगळ्या सोयींमध्ये समाईक काय आहे? कर्मचारी एक नाव टाकतो, एक पान उघडते आणि तो त्यावर आपला पासवर्ड देतो. ते पान खोटे असेल, तर पासवर्ड परक्याच्या हाती जातो आणि त्यासोबत शेकडो रुग्णांची माहिती. कोणाला क्षय आहे, कोणाला एचआयव्ही आहे, कोण मनोविकाराचे औषध घेते, कोणी गर्भपात करून घेतला ही माहिती बाहेर फुटली, तर छोट्या गावात माणसाला तोंड दाखवणे कठीण होते. बँकेतून गेलेले पैसे कदाचित परत मिळतील. गावात फुटलेली गोष्ट परत मिटवता येत नाही. एकदा विश्वास उडाला की तोच रुग्ण नोंदणीच टाळेल, आणि क्षयासारख्या आजारात नोंदणी टळणे म्हणजे आजार पसरणे.

खोट्या उत्तरावर विश्वास ठेवल्याने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो डीएनएसचा हल्ला नव्हता, पण जातकुळी तीच. एटीएममधून आलेल्या ‘पैसे देऊ का?’ या प्रश्नाला बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांनी उभी केलेली बनावट यंत्रणा ‘द्या’ असे उत्तर देत होती. काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले. विचारणारा खरा होता, उत्तर देणारा कोण हे कोणी तपासले नाही. आणि रुग्णालय बंद पडले की काय होते, हे दिल्लीच्या एम्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवले. रॅन्समवेअरने सर्व्हर निकामी झाल्यावर देशातले सर्वात नावाजलेले रुग्णालय काही दिवस हाताने लिहिलेल्या कागदांवर चालले. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, असे कारण पुढे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे इथेही दोष मधल्या वाहिन्यांत होता.

एक आक्षेप जाणकारांकडून येईल. आजची बहुतेक संकेतस्थळे कुलपाचे चिन्ह असलेल्या सुरक्षित पद्धतीने चालतात. पत्ता खोटा मिळाला तरी बनावट पानाकडे खरे प्रमाणपत्र नसते आणि ब्राउझर इशारा देतो. हे बरोबर आहे आणि २००८ पेक्षा आपण आज बरेच सुरक्षित आहोत. पण इशारा वाचणारा माणूस लागतो. एप्रिल २०१८ मध्ये मायईथरवॉलेट या आभासी चलनाच्या संकेतस्थळाचे पत्ते सुमारे दोन तास खोटे दिले जात होते. बनावट पान उघडताना ब्राउझर धोक्याची सूचना दाखवत होता. ती ओलांडून जे पुढे गेले त्यांचे सुमारे दीड लाख डॉलर गेले. आपल्याकडे कार्यालयांत काय चालते? प्रमाणपत्राची मुदत संपलेली कितीतरी संकेतस्थळे कर्मचाऱ्यांना रोज उघडावी लागतात. त्यामुळे ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी सूचना आली की ‘पुढे जा’ दाबायचे, हे हाताला वळण पडते. आयसीयूतल्या मॉनिटरचा गजर विनाकारण वाजत राहिला की परिचारिका तो बंद करू लागतात आणि एक दिवस खरा गजर ऐकू येत नाही. हा दोष परिचारिकेचा नाही, खोटे गजर वाजत ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणायला सांगितले, हे पाऊल चांगले आहे. मिळत्याजुळत्या नावांनी होणारी फसवणूक त्याने कमी होईल. पण नाव बरोबर असूनही डिरेक्टरीच खोटी असेल, तर राखीव नाव एकटे पुरे पडत नाही. त्यावरचा खरा उपाय म्हणजे उत्तरावर सही असणे. डीएनएसएसईसी नावाच्या पद्धतीत प्रत्येक उत्तरावर संगणकी सही असते आणि विचारणारा सर्व्हर ती पडताळून पाहतो. इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या यादीवर अशी सही जुलै २०१० मध्येच झाली. पडताळणी मात्र आपल्या बाजूच्या सर्व्हरवर चालू करावी लागते, आणि संस्थेने आपल्या नावावर सही करून घ्यावी लागते. सही असली तर हल्लेखोराने क्रमांक आणि दार दोन्ही ओळखले तरी त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा असेल. डॉक्टरांची पदे रिकामी आहेत, औषधे वेळेवर येत नाहीत, तिथे राउटरची चर्चा कशाला? या तक्रारीत तथ्य आहे. पण मी मागतो आहे त्याला नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. संगणकांच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट बहुतेक संस्थांकडे असतेच. त्या कंत्राटात आज काय लिहिलेले असते? अँटिव्हायरस टाकला, अद्ययावत केला, सही, शिक्का. म्हणजे टाकीवरची वही. त्यात आणखी एक ओळ हवी: दर तीन महिन्यांनी संस्थेच्या बाहेरून चाचणी करून तिचा निकाल लेखी द्यावा. दारे ओळीने दिसतात की विखुरलेली, सहीची पडताळणी चालू आहे की बंद, हे काही मिनिटांत कळते. निकाल वाईट आला तर राउटरची प्रणाली अद्ययावत करावी. ते शक्य नसेल तर यंत्र बदलावे, किंवा पत्ते विचारण्याचे काम पडताळणी करणाऱ्या विश्वासार्ह सर्व्हरकडे सोपवावे.

राउटर हे उपकरण म्हणून नोंदवहीत असावे, ही दुसरी मागणी. आमच्याकडे शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा लिहिले जाते. लसीच्या कुपीवर व्हीव्हीएमचा छोटा चौकोन असतो. उष्णता लागली की तो गडद होत जातो आणि अगदी शेवटच्या उपकेंद्रातली एएनएमसुद्धा तो पाहून ठरवू शकते की ही कुपी वापरायची नाही. कारखान्याने लस चांगली बनवली होती, हे प्रमाणपत्र तिला पुरत नाही, आणि पुरू नये. राउटर मात्र कपाटावर धूळ खात पडलेला असतो, बसवताना जो पासवर्ड होता तोच वर्षानुवर्षे असतो आणि त्याची प्रणाली शेवटची कधी बदलली हे कोणाला विचारायचे, हेही ठरलेले नसते.

तिसरी मागणी वरच्या कार्यालयांकडे. आरोग्य कर्मचाऱ्यांना जी सरकारी संकेतस्थळे रोज उघडावी लागतात त्यांची प्रमाणपत्रे एक दिवसही मुदतबाह्य राहू नयेत. तरच धोक्याच्या सूचनेला अर्थ राहील. आणि चौथी अशी की गडबड वाटली तर कळवायचे कोणाला, त्या व्यक्तीचे नाव भिंतीवर असावे. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या आदेशाने आले आहे आणि ते सरकारी संस्थांनाही लागू आहे.

वाचकांनी घरी काय करावे, तेही सांगतो. घरातल्या वायफाय राउटरचा मूळ पासवर्ड बदला. केबलवाला किंवा इंटरनेटवाला आला की राउटरची प्रणाली अद्ययावत आहे का, हे त्याला विचारा. खूप जुना राउटर असेल आणि त्यासाठी नवी दुरुस्ती निघतच नसेल, तर तो बदला. बँकेचे, रुग्णालयाचे किंवा सरकारी पान उघडताना सुरक्षिततेची सूचना आली तर पुढे जाऊ नका. थांबा, मोबाइल डेटावरून पुन्हा पाहा, तरीही शंका वाटली तर त्या संस्थेला फोन करा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. पहिला तास इथेही हृदयविकाराइतकाच महत्त्वाचा असतो.

डॅन कामिन्स्की एप्रिल २०२१ मध्ये वारला, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी. कारण होते मधुमेहातील कीटोॲसिडोसिस, जो आमच्या वॉर्डात आम्ही नेहमी पाहतो. त्याच्या कामातली मला सगळ्यात भावलेली बाब अशी की दोष जाहीर करण्याआधी त्याने दुरुस्ती तयार करून घेतली, आणि दुरुस्तीनंतर लोकांना आपापला सर्व्हर तपासता यावा म्हणून चाचणीही पुरवली. निदान, उपचार आणि त्यानंतरची तपासणी, तिन्ही. आपल्या सरकारी व्यवस्थेत पहिल्या दोन गोष्टींवर पैसे खर्च होतात, तिसरीसाठी रकानाच नसतो. तो रकाना पुढच्या कंत्राटात छापून घेणे जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्यांच्या हातात आहे.